कालवडीच्या कांडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात गाई-म्हशी भरवण्याचं, म्हणजे कृत्रिम रेतनाने गाभण करण्याचं, काम करताना गेल्या काही वर्षांत एकच विषय सारखा कानावर येतो: कालवडीची कांडी, म्हणजे मादी वासरूच व्हावं म्हणून निवडलेल्या वीर्याची गोठवलेली नळी. सरकारी कागदावर तिला 'लिंगविनिश्चित वीर्यमात्रा' म्हणतात, विकणारे 'सेक्स सॉर्टेड सीमेन' म्हणतात आणि गोठ्यात ती नुसती 'सॉर्टेड' असते. फोनवर, दूध संकलन केंद्रावर, गाय धरून उभं असताना लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. तेच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. सॉर्टेड सीमेन म्हणजे नेमकं काय? कालवड होणार की गोऱ्हा, हे कशावर ठरतं?

वळूवर. गाईच्या स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं. वळूच्या वीर्यात मात्र दोन जातींचे शुक्राणू असतात, साधारण निम्मे एक्सचे आणि निम्मे वायचे. एक्सचा शुक्राणू स्त्रीबीजाला मिळाला तर कालवड, वायचा मिळाला तर गोऱ्हा. नेहमीच्या कांडीत दोन्ही सारखेच असतात, म्हणून निकालही निम्मा-निम्मा लागतो. सॉर्टेड कांडीत प्रयोगशाळेत वेगळे काढलेले, बहुतेक (दहातले साधारण नऊ) एक्सचेच शुक्राणू भरलेले असतात.

'सारखे गोऱ्हेच देते' म्हणून चांगल्या गाईला बाजार दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात त्या गाईचा काडीचाही दोष नसतो.

२. इतक्या बारीक शुक्राणूतून एक्स कुठला आणि वाय कुठला, हे यंत्राला कळतं कसं?

वजनावरून म्हटलं तरी चालेल, पण खरं तर डीएनएच्या मापावरून. एक्स गुणसूत्र वायपेक्षा मोठं असतं. त्यामुळे गाईवर्गात एक्सच्या शुक्राणूत डीएनए जवळपास ४ टक्क्यांनी जास्त भरतो. फरक एवढाच. आकार, शेपटी, पोहणं यांवरून खात्रीने ओळखता येईल असं काही नसतं.

वीर्यात हेक्स्ट ३३३४२ नावाचा रंग घालून ते सुमारे पाऊण तास कोमट ठेवतात. हा रंग जिवंत शुक्राणूच्या आत शिरून डीएनएला चिकटतो. मग शुक्राणू एकामागोमाग एक अशा बारीक धारेतून लेझरसमोरून सोडतात. डीएनए जास्त तिथे रंग जास्त आणि रंग जास्त तिथे उजेड जास्त. तो उजेड मोजून संगणक ठरवतो. धारेचे पुढे थेंब होतात. ज्या थेंबात हवा तो शुक्राणू आहे त्याला विजेचा सूक्ष्म भार दिला जातो, आणि दोन भारित पट्ट्यांमधून जाताना एक्सचे थेंब एका बाजूला, वायचे दुसऱ्या बाजूला वळतात. ज्यांचं निश्चित कळलं नाही ते सरळ खाली, वाया.

यातली खरी अडचण शुक्राणूच्या डोक्याच्या आकाराची आहे. वळूच्या शुक्राणूचं डोकं वल्ह्याच्या पात्यासारखं चपटं असतं. ते आडवं आलं तर उजेड वेगळा दिसतो, सपाट बाजूने आलं तर वेगळा, आणि ४ टक्क्यांचा फरक त्यातच बुडून जातो. म्हणून यंत्राचं तोंड अशा घडणीचं करावं लागलं की डोकं सरळ फिरून समोर यावं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांच्या गटाने हे जमवलं. १९८९ मध्ये अशा वेगळ्या काढलेल्या शुक्राणूंपासून सशाची पिल्लं झाली आणि पुढे हीच पद्धत गाईंपर्यंत आली.

३. रंग, लेझर, वीज... एवढं सगळं सोसल्यावर जनुकांना इजा होत नाही का? वासरू अधू निघालं तर?

हा सगळ्यांत जास्त येणारा आणि सगळ्यांत रास्त प्रश्न आहे. आपल्या दारातल्या जनावराच्या पुढच्या पिढीचा सवाल असल्यावर माणसाने विचारलंच पाहिजे. एकेक घेऊ.

रंगाचं आधी. काही रंग डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये घुसून ती शिडीच वाकवतात. असे रंग धोक्याचे. हेक्स्ट ३३३४२ तसं करत नाही. तो शिडीच्या बाहेरच्या अरुंद खोबणीत बसतो, आतली अक्षरं तशीच राहतात. म्हणूनच डीएनए मोजणाऱ्या अनेक रंगांतून हाच निवडला गेला.

लेझर अतिनील किरणांचा असतो आणि अतिनील किरण डीएनएला वाईट, हे खरं. पण किती तीव्र आणि किती वेळ, यावर सगळं अवलंबून आहे. शुक्राणू त्या किरणासमोरून सेकंदाच्या अगदी नगण्य अंशात निघून जातो आणि किरणाची शक्तीही मोजण्यापुरतीच ठेवलेली असते. विजेचा भार थेंबाच्या पाण्यावर असतो, त्यातून गुणसूत्राला काही होत नाही.

खरी ओढाताण होते ती शुक्राणूच्या अंगाची. बारीक तोंडातून दाबाने निघणं, वेगाने नळीत आदळणं, भरपूर पाण्यात विरळ होणं, परत फिरवून घट्ट करणं आणि शेवटी गोठणं. यात त्याच्या बाहेरच्या पापुद्र्याला मार बसतो. सुरुवातीच्या यंत्रांत दाब जास्त होता. तो उतरवल्यावर शुक्राणू अधिक तग धरू लागले. या माराचे परिणाम प्रश्न ४ मध्ये आहेत.

एखाद्या शुक्राणूचा डीएनए खरोखर तुटला तर काय होतं, हेही सांगतो. शुक्राणू स्वतः दुरुस्ती करू शकत नाही. थोडीफार दुरुस्ती स्त्रीबीज करतं. तेवढ्याने भागलं नाही तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच थांबतो आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. म्हणजे तुटलेल्या डीएनएचं पर्यवसान बहुतेक वेळा न राहिलेल्या गाभात होतं, अधू वासरात नाही. शिवाय यंत्रात दुसरा एक रंग वापरतात, तो पापुद्रा फाटलेल्या शुक्राणूतच शिरतो आणि त्याचा उजेड मंद करतो. त्यामुळे मेलेले शुक्राणू तिथेच बाजूला पडतात. नेहमीच्या कांडीत ही चाळणी नसते.

जगभरात अशा कालवडी दोन दशकांहून जास्त काळ जन्मत आहेत. जन्माचं वजन, जगण्याचं प्रमाण, जन्मजात व्यंग यांत त्यांच्यात आणि नेहमीच्या कांडीच्या कालवडींत काळजी करावी असा फरक दिसलेला नाही. एक नोंद मात्र लपवत नाही. अमेरिकेतल्या काही कळपांत मादीच्या कांडीतून चुकून झालेल्या नर वासरांमध्ये मृत जन्माचं प्रमाण जास्त आढळलं. त्याचं एक कारण असं मांडलं जातं: यंत्र फक्त डीएनएचं माप बघतं, तेव्हा मुळातच जादा गुणसूत्र असलेला वायचा शुक्राणू मापाने एक्ससारखा भरतो आणि चुकून त्या बाजूला जातो. तसं असेल तर तो दोष यंत्राने घडवलेला नाही, आधीपासून असलेला तिथे गोळा झालेला आहे.

४. जनुकं शाबूत आहेत, मग सॉर्टेडने गाभण राहण्याचं प्रमाण कमी का?

दोन कारणं. पहिलं, संख्या. नेहमीच्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात. सॉर्टेडची सुरुवात २० लाखांनी झाली, म्हणजे दहावा हिस्सा. पुढे काही कंपन्यांनी ४० लाखांपर्यंत नेली. दुसरं, दम. पापुद्र्याला मार बसलेला शुक्राणू गाईच्या गर्भाशयात पोचल्यावर लवकर 'पिकतो' आणि लवकर संपतो. नेहमीचा शुक्राणू वितळवल्यावर साधारण दिवसभर वाट पाहू शकतो, सॉर्टेडचा तेवढा थांबत नाही.

म्हणून जिथे नेहमीच्या कांडीने १०० गाई राहतात तिथे सॉर्टेडने पूर्वी ७५-८० राहायच्या. आता चांगल्या कालवडींत ८५-९० पर्यंत जातात. लक्षात घ्या, हे आकडे तुमच्याच गोठ्यातल्या नेहमीच्या निकालाच्या तुलनेत आहेत. ज्या गोठ्यात नेहमीच्या कांडीनेच दहातल्या तीन राहतात तिथे सॉर्टेड चमत्कार करणार नाही. आधी तो गोठा सुधारावा लागेल.

५. एका कंपनीच्या पद्धतीत शुक्राणू वेगळे काढत नाहीत, वायचे लेझरने मारतात म्हणे. मग मेलेले शुक्राणू कांडीतच राहतात? ते चालतं?

हो, जीनस एबीएसची पद्धत तशी आहे. ओळख पटवण्याचं तत्त्व तेच, रंग आणि उजेड. पण थेंबाला वीज देऊन वळवण्याऐवजी नको असलेल्या शुक्राणूवर दुसरा लेझर मारून त्याला निकामी करतात. हव्या शुक्राणूंना विजेचा भार आणि थेंबाची आदळआपट सोसावी लागत नाही, हा त्यातला फायदा. निकामी झालेले शुक्राणू कांडीत राहिले तरी ते स्त्रीबीजापर्यंत जाऊ शकत नाहीत. त्यांच्यापासून वासरू होण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात भिलवडीला याच कंपनीचं वळू केंद्र आहे, त्यामुळे आपल्या भागात या कांड्या बऱ्याच फिरतात.

६. ९० टक्के खात्री म्हणाला होतात. माझ्या दोन्ही गाईंना गोऱ्हे झाले. फसवणूक झाली का?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. ९० टक्के म्हणजे व्यालेल्या दहा गाईंत सरासरी एक गोऱ्हा. दोन गाई आणि दोन्ही गोऱ्हे, असं शंभरात एखाद्याकडे होणारच, आणि तो एखादा तुम्ही असू शकता. तीनपैकी तीन गोऱ्हे झाले तर ते हजारात एखादं. तिथे मात्र मी कांडीची नोंद तपासायला सांगेन. ती कशी ठेवायची ते प्रश्न ९ मध्ये आहे.

उलट बाजूही बघा. दहा गाई व्याल्या आणि दहाही कालवडी झाल्या, असं साधारण तीनात एकदा घडतं. तेव्हा डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. तेही तितकंच नशिबाचं.

७. कोणत्या जनावराला वापरावी? माझी एक गाय चारदा उलटली आहे, तिला एकदा सॉर्टेड मारून बघू का?

नका. उलटणाऱ्या गाईला आधीच अडचण आहे, तिथे कमी संख्येची आणि कमी दमाची कांडी वापरणं म्हणजे पैसे मातीत घालणं. गर्भाशयाला सूज, वार अडकलेली, व्याल्यावर फार खंगलेली, सोट (माजावर योनीतून येणारा चिकट स्राव) गढूळ टाकणारी, यांनाही नको.

सगळ्यांत योग्य म्हणजे पहिलारू कालवड. वय किती यापेक्षा अंग किती भरलंय ते बघा. संकरित होल्स्टिन कालवड २५० किलोच्या पुढे, पूर्ण वाढलेल्या गाईच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरलेली, दर २१ दिवसांनी नियमित माजावर येणारी असावी. तिला सॉर्टेडचा आणखी एक फायदा मिळतो. मादी वासरू नरापेक्षा थोडं हलकं असतं, त्यामुळे पहिल्या वेताला अडण्याची भीती कमी होते. रात्री दोन वाजता पहिलारूचं अडलेलं वासरू ओढलेल्या कुणालाही याची किंमत कळेल.

त्यानंतर पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, साफ असलेल्या, व्याल्यापासून ६० दिवस उलटलेल्या गाई. एकदा सॉर्टेडने राहिली नाही तर मी दुसरी संधी देतो, तिसऱ्या वेळी नेहमीची कांडी.

८. केव्हा भरवायची? आम्ही सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवतो. आणि खात्रीसाठी दोनदा भरवली तर?

नेहमीच्या कांडीला सकाळ-संध्याकाळचा नियम ठीक आहे. सॉर्टेडला थोडं आणखी थांबा. कारण प्रश्न ४ मध्ये आलंय: हा शुक्राणू फार वाट पाहू शकत नाही, म्हणून तो स्त्रीबीज सुटण्याच्या जवळच पोचायला हवा. गाय उभी राहून दुसऱ्या जनावराला अंगावर घेते तिथून माज मोजा. तिथून १६ ते २४ तासांत भरवा. म्हणजे पहाटे पाचला उभी राहिली तर रात्री नऊपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत.

गोची अशी की माज सुरू कधी झाला हे बहुतेकांना माहीतच नसतं. सात वाजता धार काढायला गेलात तेव्हा दिसला, म्हणजे सात वाजता सुरू झाला असं नाही. रात्री झोपण्याआधी टॉर्च घेऊन गोठ्यात एक फेरी मारा, पहाटे एक मारा. एकमेकींवर चढणं, काचेसारखा स्वच्छ लांब सोट, हंबरणं, दूध चोरणं, सगळ्याची वेळ भिंतीवर खडूने लिहा. मोबाईलपेक्षा भिंत बरी, घरातल्या कुणालाही दिसते.

दोनदा भरवायची गरज नाही. एक कांडी, बरोबर वेळेला, गर्भाशयाच्या तोंडाच्या लगेच पुढे. दुसऱ्या कांडीच्या पैशात चांगलं खनिज मिश्रण येतं.

९. कांडी खरंच सॉर्टेड आहे हे कसं ओळखायचं? आणि डॉक्टर ती नीट वापरतात का हे मी काय बघू?

कांडीवर छापलेलं असतं: वळूचा क्रमांक, जात, केंद्राची खूण, तारीख. भरवण्याआधी कांडी हातात मागा, वाचा, मोबाईलवर फोटो काढा. चांगला काम करणारा माणूस याला कधीच नाही म्हणणार नाही. भरवल्यावर जनावराच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावर भारत पशुधन ॲपमध्ये नोंद करून घ्या. पुढे शंका आली, किंवा मुलीला बापाचीच कांडी लागू नये म्हणून बघायचं झालं (प्रश्न १३), तर हाच पुरावा.

वापरताना चार गोष्टी बघा. कांडी ज्या नायट्रोजनमध्ये असते त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं. कांड्यांची डबी वर ओढून गप्पा मारत उभं राहिलं की बाकीच्याही कांड्या खराब होतात. वितळवायला ३७ अंशांचं पाणी, साधारण अर्धा ते पाऊण मिनिट, तेही थर्मामीटर लावून. बोट बुडवून अंदाज नको, खिशात घालून किंवा हाताने चोळून तर मुळीच नको. मग कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूला मारतो. आणि गन (कांडी बसवून वीर्य आत सोडायची सळई) भरल्यावर पाच-दहा मिनिटांच्या आत काम झालं पाहिजे, म्हणून आधी गाय बांधून साफ करून ठेवा. नेहमीच्या कांडीत इतके शुक्राणू असतात की थोडी हयगय खपून जाते. इथे खपत नाही.

१०. सोलापूरच्या उन्हाळ्यात वापरावी का?

एप्रिल-मेमध्ये मी संकरित गाईंना शक्यतो वापरत नाही. पारा ४० च्या वर गेला की गाईच्या अंगातलं तापमान चढतं, माज आखूड आणि रात्रीचा होतो, आणि गर्भ राहिला तरी पहिल्या आठवड्यातच उष्णतेने जातो. हा दोष कांडीचा नाही, पण बिल महागड्या कांडीचं येतं. फॉगर, पंखे आणि उंच छप्पर असलेल्या गोठ्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. नोव्हेंबरमध्ये भरलेली गाय ऑगस्टच्या सुमाराला विते, तेव्हा हिरवा चाराही असतो. उन्हाळ्यात भरवायचीच झाली तर गन उन्हात तापलेली नाही एवढं तरी बघा. दुपारी पत्र्याखाली ठेवलेली लोखंडी गन हाताला चटका देते, शुक्राणूला काय होत असेल.

११. दर किती? अनुदान मिळतं का? 'गौसॉर्ट' म्हणतात ते हेच का?

खासगी बाजारात एका कांडीला हजाराच्या आसपास मोजावे लागायचे. महागाईचं कारण सोपं आहे: यंत्र परदेशी, निम्मे शुक्राणू नर म्हणून बाद आणि दिशा चुकलेलेही बाद. एका वेळच्या वीर्यातून जिथे शेकडो नेहमीच्या कांड्या भरतात तिथे सगळा वेळ यंत्राच्या वेगावर अडतो.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीचं तंत्र सुरू झालं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं गौसॉर्ट ते हेच. त्यामुळे कांडीमागे साधारण २०० रुपये उतरतील असं तेव्हा जाहीर झालं. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून कांडीच्या किमतीत निम्म्यापर्यंत मदत मिळते. मात्र तुमच्या तालुक्यात आज कोणत्या जातीच्या कांड्या आल्यात आणि तुमच्या वाट्याला किती रुपये येतात, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघात विचारूनच धरा, कारण योजनेप्रमाणे ते बदलतं.

१२. हिशेब जमतो का? खरंच परवडतं?

कागदावर मांडू. धरून चाला की नेहमीच्या कांडीने १०० वेळा भरवल्यावर ४० गाई राहतात. त्यांना २० कालवडी, २० गोऱ्हे. सॉर्टेडने तुमच्या ४० च्या जागी ३४ राहतात. त्यांना ३० च्या वर कालवडी आणि तीन-चार गोऱ्हे. म्हणजे एका कालवडीमागे पूर्वी पाच वेळा भरवावं लागत होतं, आता सव्वातीन वेळा. नुसतं एवढंच धरलं तर सॉर्टेडचा एकूण खर्च नेहमीच्या दीडपटीच्या आसपास असेपर्यंत बरोबरी होते. त्यावर गेला की पुढचं बघावं लागतं.

एका बाजूला सहा जनावरं जास्त उलटली, प्रत्येकीचे २१ दिवस आणि त्या दिवसांचा खुराक फुकट. दुसऱ्या बाजूला सोळा-सतरा संकरित गोऱ्हे कमी. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. उसाच्या गाडीला संकरित गोऱ्हा चालत नाही, विकत कुणी घेत नाही, आणि मग तो रस्त्यावर सोडला जातो किंवा दुधाविना मरू दिला जातो. हे मी फार जवळून पाहिलंय आणि मला ते पाहवत नाही. माझ्यासाठी सॉर्टेडचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

ज्याच्याकडे दोनच गाई आहेत आणि कालवड वाढवायला चारा-पाणी नाही, त्याने मात्र घाई करू नये. कालवड दुधात येईपर्यंत दोन-अडीच वर्षं ती खातच असते.

१३. सॉर्टेडच्या कालवडी जास्त दूध देतात का?

नाही. वेगळं काढल्याने जनुकं सुधारत नाहीत. दूध वळूच्या वंशावळीवर आणि तुमच्या गाईवर ठरतं. सामान्य वळूची सॉर्टेड कांडी सामान्य कालवडच देईल, म्हणून आधी वळू निवडा. आनुवंशिक रोगही सॉर्टिंगने गाळले जात नाहीत. त्यासाठी वीर्य केंद्रात वळूचीच तपासणी करतात, होल्स्टिनमध्ये बीलॅड, सिट्रुलिनेमिया यांसारख्या दोषांची. नोंदणी नसलेल्या ठिकाणची कांडी घेऊ नका, ते यासाठी.

आणि सॉर्टेडमुळे एकाच वळूच्या खूप मुली गावात होतात. दोन-तीन वर्षांनी त्यांना परत तोच वळू लागू देऊ नका.

१४. मादीच व्हावी म्हणून पावडर मिळते, तिथी बघून भरवतात, एका कुशीवर पाडतात. काही उपयोग?

काहीही नाही. त्यातल्या प्रत्येकाला निम्मं यश मिळतंच, तेवढ्यावर विक्री चालते. संशोधन मात्र खरोखर चालू आहे. २०१९ मध्ये जपानच्या हिरोशिमा विद्यापीठातल्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की एक्सच्या शुक्राणूंवर असलेल्या विशिष्ट ग्राहकांना एक रसायन लावलं की ते मंदावतात आणि वायचे पुढे निघतात. रंग-लेझरशिवायचा हा रस्ता आहे, पण तोही प्रयोगशाळेतला. दुकानातल्या पावडरीशी त्याचा संबंध नाही.

१५. माझ्या घरच्या वळूचं वीर्य, किंवा भांड्यात पडून असलेल्या जुन्या कांड्या सॉर्ट करून मिळतील का?

व्यवहारात नाही. वर्गीकरण ताज्या वीर्याचं होतं, वळू यंत्राच्या जवळ लागतो, आणि वीर्य केंद्रात वळूला घेण्याआधी रोगांच्या तपासण्या आणि विलगीकरण असतं. गोठवलेल्या वीर्यावर प्रयोग झालेत, पण दोनदा गोठून-वितळून शुक्राणूत दम उरत नाही.

१६. गर्भलिंग निवडीला तर बंदी आहे. मग हे कायद्यात बसतं का?

बसतं. १९९४ चा गर्भलिंग निदान आणि लिंग निवडीवरचा कायदा माणसांसाठी आहे. जनावरांच्या वीर्याचं वर्गीकरण सरकारच योजनेतून करतं. बायाबापड्या कधीकधी हळू आवाजात विचारतात, 'हे माणसांत पण होतं का हो?' माझं उत्तर एकच असतं. कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हा असायलाच हवा. गोठ्यातला हिशेब घरात आणायचा नाही.

१७. म्हशीला चालते का? आमच्या पंढरपुरी आहेत.

म्हशीतही तत्त्व तेच. एक्स-वायचा फरक गाईपेक्षा थोडा कमी असला तरी यंत्राला पुरतो, आणि मुऱ्हाच्या सॉर्टेड कांड्या मिळतात. खरी अडचण मुक्या माजाची. म्हैस चढत नाही, ओरडत नाही, उन्हाळ्यात तर सोटही दाखवत नाही, आणि सॉर्टेडला वेळ अचूक लागते. पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंतच्या माजावर भर द्या.

पंढरपुरीसाठी माझं मत स्पष्ट आहे. पंढरपुरीचीच सॉर्टेड मिळत असेल तर जरूर वापरा. ती नसेल तर केवळ रेडी हवी म्हणून मुऱ्हाची वापरू नका. आखूड चाऱ्यावर, इथल्या उन्हात नियमित गाभण राहणारी, खांद्यापर्यंत लांब शिंगांची ही जात आपल्याच मातीतली आहे. तिला पंढरपुरीची साधी कांडी बरी, निम्म्या वेळा का होईना रेडी पंढरपुरीच होईल.

१८. सॉर्टेडने जुळं झालं, एक कालवड आणि एक गोऱ्हा. कालवड ठेवू का?

ठेवण्याआधी तपासून घ्या. नर-मादी जुळ्यात गर्भाशयात दोघांचं रक्त एकत्र येतं, नराचे संप्रेरक कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ थांबवतात, आणि अशा ९० टक्क्यांहून जास्त कालवडी वांझ निघतात. सॉर्टेडमध्ये जुळं झालं तर बहुधा दोन्ही कालवडीच असतात, त्यांना हा धोका नाही. पण तुमच्यासारखं नर-मादी निघालं तर दोन वर्षं चारा घालून मग कळण्यापेक्षा लहानपणीच डॉक्टरांकडून तपासा.

१९. आमच्याकडे खिलार आहे. आम्हाला कालवड नको, खोंड हवा. नराची कांडी मिळेल का?

सांगोला, मंगळवेढा, माण-आटपाडीच्या बाजूने हा प्रश्न हमखास येतो. खिलारमध्ये खोंडालाच मान आणि मोल. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून तर मागणी आणखी वाढली आहे.

यंत्राच्या दृष्टीने काहीच अडत नाही. एक्स एका बाजूला पडतो तसा वाय दुसऱ्या बाजूला पडतो, तोही तितक्याच खात्रीने. अडतं ते पुरवठ्यात. केंद्रांची सगळी यंत्रं दुधासाठी मादी काढण्यात गुंतलेली असतात आणि खिलारचे निवडक वळूच मुळात थोडे. म्हणून आज दवाखान्यात जाऊन खिलार नराची कांडी मागितली तर बहुधा साधी खिलारच मिळेल. ती घ्यायला हरकत नाही, पण नोंदलेल्या वळूचीच घ्या. शर्यतीत जिंकलेल्या बैलाची म्हणून हातोहात फिरणारी कांडी, जिच्यावर काही छापलेलं नाही, ती मुळीच घेऊ नका.

आणि एक विनंती. नराच्या नादात उत्तम खिलार गाईची कालवड विकून टाकू नका. रविवारच्या सांगोल्याच्या बाजारात चांगले खोंड अजून भरपूर दिसतात. चांगली शिंगं, सरळ पाठ आणि शांत डोळ्यांची खिलार कालवड शोधायला आता मलाच दोन-दोन तास हिंडावं लागतं.